आपापली गाठ

४ फेब्रुवारी

ती. काकांस,

शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, म्हणून पत्रच लिहिते. शिवाय या केंद्रात एकच फोन आहे, तोही कार्यालयात, आणि तिथला कारकून आपल्याकडे पाठ करून बसला तरी त्याचे कान मात्र आपल्याकडेच असतात.

खोलीत आम्ही तिघी आहोत. एक व्यायामशाळेतल्या खोट्या भिंतीवर मुलांना चढायला शिकवते, दुसरी अग्निशामक दलात आहे. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते म्हटल्यावर दोघींनी आधी एकमेकींकडे पाहिलं आणि मग माझ्या दंडांकडे. काल कड्यावर माझ्या मागून चढताना दोघींची दमछाक झाली, तेव्हापासून मला खिडकीजवळची खाट मिळाली आहे.

बारा दिवस शिक्षण, मग दोन दिवस परीक्षा. पहिल्या दिवशी आपलं स्वतःचं चढणं, दोर लावणं, अडकलेल्याला खाली आणणं. दुसऱ्या दिवशी चार अगदी नवखी माणसं आपल्या हवाली करतात आणि शिकवून दाखवा म्हणतात. परीक्षक म्हणजे एक ठेंगण्या बाई आहेत. गळ्यात दोरीने पेन्सिल बांधलेली. बोलत काही नाहीत, नुसत्या लिहितात. त्या पेन्सिलीची करकर ऐकली की मी आपली गाठ पुन्हा तपासते.

तुम्ही यायला हवं होतं, हे मी शेवटचं म्हणते आणि गप्प बसते. चाळीस वर्षं दर मोसमात पोरांना कड्यावर नेणाऱ्या माणसाने या पोरासोरांसमोर परीक्षा का द्यायची, हे तुमचं म्हणणं मला समजतं. पण नियम झाला तो झाला. एप्रिलपासून दाखला असलेल्या माणसाशिवाय मुलांना कड्यावर नेता येणार नाही, आणि आपल्या घरात दाखला कुणाकडेच नाही. मी नापास झाले तर तुमचा रविवारचा वर्ग बंद. हे मी मनात आणत नाही. दिवसातून चार-पाच वेळाच आणते.

मागच्या मोसमात दुकानाने एकाही रविवारी सुट्टी दिली नाही, तुमच्या मदतीला येता आलं नाही. या वेळी आठही रविवार लिहून घेतलेत. काकूला सांगा, तिने दिलेले मोजे रोज घालते. लोभ आहेच, तो पत्रातून थोडा इकडेही धाडावा.

तुमची,
पाल

९ फेब्रुवारी

चि. पालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अग्निशामक दलाची दमछाक झाली हे वाचून मी ते काकूला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला लागलो तर ती उठून गेली.

इथे सगळं ठीक. दुकान दुपारी बंद ठेवतो हल्ली. कुलपं आता कुणी दुरुस्त करत नाही, नवीन आणतात. किल्ल्यांचं काम येतं ते शेजारच्या मशीनवाल्याकडे पाठवतो. म्हातारपणी जरा आराम करावा म्हणतो.

परीक्षेला घाबरायचं कारण नाही. सात वर्षांची होतीस तेव्हा आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर चढून खिडकीला लटकली होतीस. पाल हे नाव तुला मी उगीच नाही दिलं. तुझ्या आईबापांच्या बदल्यांपायी तू अकरा वर्षं आमच्याकडे राहिलीस, त्यातले रविवार तू जमिनीवर कमी आणि कड्यावर जास्त काढलेस. त्या पेन्सिलवाल्या बाईंना काय ठाऊक.

एकच सांगतो. दुसऱ्या दिवशी ती नवखी माणसं हाताशी येतील तेव्हा आपला नेम मोडू नकोस. ज्याच्या कमरेला दोर, त्याची गाठ आपण स्वतः बांधायची. कुणाच्या हातावर सोडायची नाही. माणूस कितीही शहाणा असो, वर जायच्या आधी त्याचा पट्टा आपण ओढून बघायचा, दोर आपण ओवायचा, गाठ आपण आवळायची. चाळीस वर्षांत माझ्या एका पोराला ओरखडा आला नाही तो यामुळेच. पोरांना तळहातावरच्या फोडासारखं जपावं लागतं.

काकू म्हणते, थंडीत डोकं झाकत जा. मी म्हणतो, हेल्मेट घालतेच आहे ती. यावरून आमचं आज सकाळी वाजलं. तू जिंकून ये, मग निवाडा कर. माया आहेच, ती लिहून संपायची नाही.

तुझा काका

१७ फेब्रुवारी

ती. काकांस,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

मला दाखला मिळालेला नाही. पहिला दिवस उत्तम गेला. दोर लावणं, माणूस उतरवणं, सगळं मनासारखं झालं. बाईंनी मान हलवली, आणि इथे त्यांनी मान हलवणं म्हणजे पाठीवर थाप. दुसऱ्या दिवशी मला चार जण दिले. एक बँकेतली बाई, दोन कॉलेजातली मुलं आणि एक निवृत्त टपालवाले गृहस्थ. चौघे वर गेले, चौघे हसत खाली आले. टपालवाल्यांनी तर खाली येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले. मला वाटलं, झालं आपलं काम.

संध्याकाळी बाईंनी बोलावलं. वही उघडून म्हणाल्या की आज तुम्ही अकरा वेळा गाठ बांधलीत आणि अकराही गाठी चोख होत्या. मी खूश. मग म्हणाल्या, तुमच्या चार विद्यार्थ्यांनी मिळून किती बांधल्या? मी आठवायला लागले. एकही नाही. बँकेतल्या बाईंनी दोर हातात घेतला होता, तो मी त्यांच्या हातातून काढून घेतला होता. एका मुलाने अर्धी गाठ बांधली होती, ती मी सोडून पुन्हा बांधली. मला तर कळलंही नव्हतं. बाई म्हणाल्या की तुम्ही चार माणसांना वर नेऊन आणलंत, शिकवलं मात्र एकालाही नाही. तुमची ही माणसं उद्या कड्याखाली उभी राहिली तर आज सकाळी होती तितकीच अडाणी असतील.

चढण्याचा भाग पास, शिकवण्याचा राखून ठेवलाय. २२ मार्चला पुन्हा बोलावलंय. एप्रिलच्या आधी एवढी एकच संधी आहे.

रागावू नका. माझ्यावर रागवायचं असेल तर रागवा, पण पत्र लिहा.

तुमची,
पाल

२१ फेब्रुवारी

चि. पालीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला सांगू. अकरा चोख गाठी बांधणाऱ्या मुलीला नापास करतात आणि वर तिलाच शिकवतात. उद्या नवख्याने वेडीवाकडी गाठ बांधली आणि तो पडला तर ती वही मध्ये धरणार आहेत का बाई? चाळीस वर्षांत एक ओरखडा नाही हे त्यांना सांगायला हवं होतंस.

पुन्हा जायची काही गरज नाही. वर्ग बंद होत असेल तर होऊ दे. पोरं सायकली फिरवतील.

काका

२६ फेब्रुवारी

ती. काकांस,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र एवढं तोकडं की पाकीटच जड वाटलं. तरी ते ठेवलंय जपून.

एक गोष्ट तुम्हाला सतरा वर्षं सांगितलेली नाही. आता सांगते. रागावून नाही, हे आधी लक्षात घ्या.

एकोणीस वर्षांची असताना मी मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा तुमच्याशिवाय कड्यावर गेले होते. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मी लहानपणापासून चढते, माझे काका शिकवतात. साहजिकच पहिला दोर माझ्या हातात दिला. आणि मला गाठ बांधता येईना. अकरा वर्षांत तुम्ही माझ्या कमरेला ती शेकडो वेळा बांधलीत. मी दर वेळी हात वर करून उभी राहायचे, तुम्ही गुडघे टेकून बांधायचात, वरून तुमच्या डोक्याचा भोवरा दिसायचा. भोवरा मला पाठ होता. गाठ येत नव्हती. आठाचा आकडा जमला, दोर पट्ट्यातून ओवला, आणि टोक पुन्हा त्याच वाटेने परत कसं न्यायचं ते आठवेना. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दिवसभर दगडावर बसून सगळ्यांच्या पिशव्या राखल्या. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, कसं झालं. मी म्हटलं, मजा आली.

त्यानंतर पुस्तकात बघून खाटेच्या पायाला दोर बांधत शिकले. महिना लागला. आणि गंमत बघा, तुमच्या वर्गात मदतीला यायला लागले तेव्हा मीही पोरांना हात वर करून उभं केलं आणि गुडघे टेकले. एवढी लाज वाटलेली असूनसुद्धा.

बाईंनी विचारलं तेव्हा मला तो दगड आठवला. त्यांचं बरोबर आहे, काका. तुम्ही आम्हाला जपलंत यात काही खोट नाही. मला जगात तुमच्यापेक्षा जास्त कुणीच जपलेलं नाही. पण मी २२ तारखेला जाणार आहे.

या पत्राने तुम्हाला वाईट वाटेल हे ठाऊक आहे. मलाही लिहिताना वाटलं. तरी माझ्यावरची माया आखडती घेऊ नका.

तुमची,
पाल

६ मार्च

चि. बाळ, काकूचे अनेक आशीर्वाद. विनंती विशेष.

मी पत्र लिहिते आहे यावरूनच ओळख की काहीतरी आहे. घाबरू मात्र नकोस, तब्येती बऱ्या आहेत.

तुझं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले पण बोलले नाहीत, म्हणजे घर तसं शांत होतं, मला काही तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून दोर काढला आणि खुर्चीच्या पायाशी घेऊन बसले. गेले तीन-चार दिवस तेच चाललंय. मी विचारलं तर म्हणाले दोराची तपासणी करतोय.

आता जे सांगते ते मी सांगितलं म्हणून कळू देऊ नकोस. त्यांची बोटं गेलं दीड वर्ष नीट चालत नाहीत. शर्टाची बटणं मी लावून देते. दुकान गिऱ्हाईक नाही म्हणून बंद नसतं, किल्लीवर कानस धरवत नाही म्हणून बंद असतं. डॉक्टर म्हणाले, नसांचं आहे, वाढणार नाही पण परतही जाणार नाही. तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती. शपथ मी पाळली, हे पत्र लिहिलंच नाही असं समज.

परवा खुर्चीपाशी बसलेले असताना मी चहा घेऊन गेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, त्या पोरीने दिवसभर पिशव्या राखल्या. एवढंच. मग चहा गार झाला.

तू तुझ्या परीक्षेचं बघ. इकडची काळजी करायला मी आहे. आणि डोकं झाकत जा, हेल्मेटने कान झाकत नाहीत. सुखी राहा, आणि आमच्यावर रुसायचं असेल तर इथे येऊन रूस.

काकू

१० मार्च

ती. काकांस,

शि. सा. न. वि. वि.

कामाचं पत्र आहे, चटकन लिहिते. फेरपरीक्षेला केंद्राकडून माणसं मिळत नाहीत. दोन नवखे विद्यार्थी आपले आपण आणायचे असतात. दुकानातल्या सगळ्यांना विचारून झालं. मालक म्हणाले की त्यांना जिना चढतानाही घेरी येते, आणि काउंटरवरची मुलगी लग्नाच्या गडबडीत आहे. तुमच्या ओळखीत कुणी धडधाकट आणि बिनकामाचं असेल तर दोघांना पाठवाल का? माझ्यासाठी नको, वर्गासाठी पाठवा. कड्यावर कधी गेलेले नसावेत, एवढीच अट.

तुमच्याकडून पत्र नाही. वाट बघते आहे, आणि बघत राहीन.

तुमची,
पाल

२३ मार्च

ती. सौ. काकूस,

सा. न. वि. वि.

काका काल संध्याकाळपर्यंत घरी पोचले असतील आणि त्यांनी तुला काहीही सांगितलं नसेल, म्हणून मी लिहिते. आधी निकाल सांगून टाकते. दाखला मिळाला.

आता सगळं पहिल्यापासून. सकाळी बसमधून तुमच्या समोरच्या शिवणकामवाल्या ताई उतरल्या. मागून काका. मला वाटलं सोबत म्हणून आलेत. मी दुसरा विद्यार्थी कुठे म्हणून विचारलं, तर ते कार्यालयाकडे चालू लागले. कारकुनाने फॉर्म दिला. मी खांद्यावरून बघत होते. वय एकोणसत्तर. खाली रकाना होता, पूर्वीचा अनुभव. तिथे त्यांनी थरथरत्या अक्षरात लिहिलं, नाही. डॉक्टरांचं पत्रही खिशात घेऊन आले होते. कारकुनाने शिक्का मारला. मला तिथून बाहेर जावं लागलं. थोडा वेळ टाकीच्या मागे उभी राहिले, तोंड धुतलं आणि आले.

शिवणकामवाल्या ताईंना मी एकदा माझ्या दोरावर गाठ करून दाखवली. त्यांनी दुसऱ्या खेपेला बांधली सुद्धा. दोऱ्याशी जन्माचं नातं, त्यांना काय अवघड. मग काकांची पाळी. मी हात पाठीमागे धरून उभी राहिले. काकू, इतकं जड काम मी कधी केलेलं नाही. त्यांनी आठाचा आकडा केला तो उलटा झाला. सोडला. पुन्हा केला. दोर पट्ट्यातून ओवताना टोक तीनदा निसटलं. बोटं थरथरत होती, पेन्सिल करकरत होती, आणि माझे हात मागच्या मागे एकमेकांना धरून बसले होते. मी फक्त बोलत होते. टोक कुठून आलं ते बघा. आता ते आल्या वाटेने परत न्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात खाली घेतले आणि मला म्हणाले की बघ बरं, बरोबर आहे का. गाठ चुकली होती. टोक शेवटच्या वळणावर जोडीच्या दोराबरोबर न जाता मधूनच बाहेर आलं होतं. मला ते दहा पावलांवरून दिसत होतं. एका हिसक्यात नीट झालं असतं. मी त्यांना विचारलं की तुम्हाला काय वाटतं. ते खाली बघत राहिले. बोटाने दोराची एकेक जोडी मोजली. मग मान वर करून म्हणाले, नाही.

काका कधी कुणाला आपली चूक झाली म्हणाले असतील तर ते मी ऐकलेलं नाही. तू ऐकलंयस का? मग त्यांनी सगळी सोडली आणि पहिल्यापासून बांधली. चोख. मी बघितली, मग ताईंना बघायला लावली. काका साताठ हात वर गेले, कड्याला गाल लावून जरा थांबले आणि खाली घे म्हणाले. मी दोर सोडत त्यांना हळूहळू जमिनीवर आणलं.

बाईंनी वही मिटली आणि काकांना विचारलं की आज काय शिकलात. काका म्हणाले की गाठ. बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

काकांना बसमध्ये बसवून मी हात हलवला. तुला सांगते, काल मला जेवढं रडू आलं तेवढं लहानपणी घर सोडून तुमच्याकडे आले तेव्हाही आलं नव्हतं. या वेळचं रडू चांगलं होतं. तुझी माया अशीच डोक्यावरून कानांपर्यंत असू दे.

तुझी,
पाल

२ एप्रिल

चि. पालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

दाखल्याबद्दल अभिनंदन. काकूने तुझं पत्र मला वाचायला दिलं नाही, पण सहा वेळा वाचताना मी तिला पाहिलं, म्हणजे त्यात माझी पुरती शोभा झालेली असणार.

मी फेब्रुवारीत तुला जे लिहिलं त्यातली एक गोष्ट खरी नव्हती. तेवढ्यासाठी हे पत्र.

चाळीस वर्षांत ओरखडा नाही हे खरं, तो माझ्या गाठींमुळेच नाही हे खोटं. मागच्या मोसमात, शेवटून दुसऱ्या रविवारी, शाळेसमोरच्या औषधाच्या दुकानवालीची मुलगी वर गेली होती. नऊ वर्षांची. गाठ मी बांधली होती. ती वरपर्यंत गेली, टाळ्या झाल्या, मी तिला दोरावर खाली आणलं. पट्टा सोडायला वाकलो तर गाठ अर्धी होती. आठाचा आकडा होता, दोर ओवलेला होता, टोक परत फिरवलेलंच नव्हतं. बोटांना वाटलं होतं की फिरवलं. ती एवढीशी पोर त्या अर्ध्या गाठीला लटकून तेवढ्या उंचीवरून खाली आली. गाठ का सुटली नाही ते मला ठाऊक नाही. मी ती पटकन सोडली आणि तिच्या पाठीवर थोपटलं. कुणाला कळलं नाही. काकूलाही नाही. शेवटच्या रविवारी मी डोंगरावर ढग आहेत म्हणून वर्ग घेतला नाही. ढग नव्हते.

त्या दिवसापासून मी स्वतःला एकच सांगत आलो की बोटांनी घात केला. तुझं पिशव्या राखल्याचं पत्र आलं तेव्हा डोळे उघडले. बोटं एखाद्या दिवशी कुणाचीही चुकतील. पण तिथे चौदा पोरं उभी होती, त्यातल्या एकालाही ती गाठ कशी दिसायला हवी हे माहीत नव्हतं. ती पोर स्वतःच्या पोटाशी बघत होती, तिलाही नाही. मी कुणाला शिकवलंच नव्हतं. माझी चूक बघणारा डोळा मीच तयार होऊ दिला नाही.

परवा औषधाच्या दुकानात जाऊन तिच्या आईला सगळं सांगितलं. गिऱ्हाईक आलं, त्याला तिने औषध दिलं, सुटे दिले, आणि मग मला म्हणाली की तुम्ही आता जा. मी आलो. मला दुसरं काही अपेक्षित नव्हतं. काकूला त्याच दुपारी सांगितलं. ती रागावली नाही, माझा हात धरून बसून राहिली. ते जास्त जड गेलं.

काल ती बाई मुलीला घेऊन घरी आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, मुलगी ऐकत नाही, तिला यायचंच आहे. येईल, पण गाठ तिची तिने बांधायची, आणि नवीन शिक्षिकेने बघितल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मी कबूल केलं. मुलगी मागून मान काढून माझ्या हातांकडे बघत होती. आईने सांगितलेलं दिसतं. मी हात लपवले नाहीत.

रविवारी वर्ग सुरू होतोय. दोर मी सावलीत पसरून, हाताखालून काढून ठेवलेत. आता वर्ग तुझा. मला यायला आवडेल, तू म्हणशील तर. खाली बसेन, पाणी देईन, पडलेली हेल्मेटं उचलेन. चढायला मिळालं तर चढेन, साताठ हात मला पुरतात.

एकच मागणं आहे. पोरांना पहिल्या दिवशी गाठ शिकव, आणि त्याच दिवशी हेही शिकव की दुसऱ्याची गाठ बघायची, मग तो दुसरा कितीही मोठा असो, आणि चुकली असेल तर तोंडावर सांगायचं. त्यांना भीड वाटेल. म्हणून माझ्या कमरेला दोर दे, मला सगळ्यांच्या मध्ये उभं कर, आणि त्या मुलीला माझी गाठ तपासायला लाव.

तुझा लोभ होता तेवढाच राहिला तरी मला पुष्कळ आहे.

तुझा काका